दोन कामांमधली उपासमार

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. पुणे जिल्ह्यातील नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येतात, चैत्र-वैशाखाच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात आणि विसार देऊन मंडळी परत जातात. फडाच्या वर्षभराच्या पोटापाण्याचे गणित बव्हंशी या थोड्या दिवसांतच जुळते किंवा मोडते. त्या वर्षी नेमक्या पाडव्याच्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी अमलात आली. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या फिरल्या, तंबू गुंडाळून गोदामात पडले. फडमालकाने सावकाराकडून कर्ज काढून कलावंतांना उचल दिलेली. कलावंतांची उचल आधीच घरात संपलेली. दसऱ्याला पुन्हा फड बाहेर पडतील म्हणून लोक थांबले. दसरा गेला. पुढच्या पाडव्याला तरी, म्हणून थांबले. १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात पुन्हा निर्बंध आले. ठरलेले, हाताशी आलेले काम दोन हंगाम पुढे ढकलले गेले, आणि या संपूर्ण काळात ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारा गडी यांना जगवण्याची जबाबदारी कायद्याने कोणाचीही नव्हती. एकल कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये देण्याचे औदार्य राज्य शासनाला सुचले ते २०२१ सालात. एवढ्या अवधीची भागाकाराने विभागणी केली तर दिवसाला दहा रुपयेदेखील पडत नाहीत.

ही कहाणी महामारीची म्हणून बाजूला टाकता येणार नाही. महामारीने केले ते इतकेच की, एरवी तुकड्यातुकड्याने, एकेका घरात, कोणाच्या नजरेस न येता घडणारी गोष्ट तिने एकाच दिवशी लाखो घरांत घडवून आणली. एक काम संपले आहे, दुसरे ठरले आहे पण सुरू झालेले नाही, अशा मधल्या दिवसांत माणसाने काय खावे? हा प्रश्न शासनकर्त्यांना कधी पडतच नाही. त्यांच्या दप्तरात अशा माणसाला एक भारदस्त नाव आहे: स्वयंरोजगारी. ज्याला मालक नाही तो स्वतःच स्वतःचा मालक, आणि मालकाला कसला आला आहे भत्ता?

या बिरुदाखाली देशातील किती माणसे कोंबली आहेत ते सरकारी पाहणीच सांगते. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये एकूण काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के लोक स्वयंरोजगारी होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ५८.४ टक्क्यांवर गेले. नियमित पगारदार याच काळात २२.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर उतरले. ज्या अर्थव्यवस्थेचा जगात गाजावाजा चालला आहे, तिने सहा वर्षांत पगारी नोकरीचा वाटा वाढवला नाही, घटवला. त्या ५८.४ टक्क्यांत घरच्या शेतावर वा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत, हेही ध्यानात घेतले म्हणजे 'उद्योजकतेची लाट' नावाच्या वल्गनेतील हवा निघून जाते. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत भजी विकून दिवसाकाठी २०० रुपये कमावणाऱ्याला रोजगार मिळाला म्हणावयाचे की नाही, असा प्रश्न विचारला होता. त्यावर हशा पुष्कळ झाला. परंतु ज्या दिवशी पाऊस कोसळतो, गाडी पालिकेच्या अतिक्रमण विभागाने उचलून नेलेली असते, किंवा नव्या जागेचा परवाना टेबलावर अडकलेला असतो, त्या दिवशीच्या २०० रुपयांचे काय, असा साधा उलटप्रश्न विरोधकांपैकी फार थोड्यांनी विचारला.

मुंबईकर कामगाराला या बिरुदाचा इतिहास सांगण्याचे कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील कित्येकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. कोणी वडापावची गाडी लावली, कोणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोणी रात्रपाळीची टॅक्सी धरली. त्या दिवसापासून तो आकडेवारीत बेकार राहिला नाही, स्वयंरोजगारी झाला. याच गिरणीत असता आणि कच्च्या मालाअभावी वा वीज नसल्यामुळे काम थांबते, तर १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात घातलेल्या कलमाप्रमाणे नियमित कामगार म्हणून त्याला निम्मा पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळण्याचा हक्क होता. दारात येऊन हजेरी नोंदवावयाची, काम नसेल तर अर्धा पगार घेऊन घरी जावयाचे. हा हक्क भीक म्हणून मिळालेला नव्हता आणि त्यामुळे कामगार आळशी झाल्याचे कोणा गिरणीमालकानेही सिद्ध केले नाही. तीच तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही उतरली आहे. मात्र पटावर नाव नसलेल्याला ती १९५३ मध्ये लागू नव्हती, आजही नाही.

इचलकरंजीत जाऊन पाहावे. तेथे 'खर्चीवाला' नावाचा एक वर्ग आहे. त्याचे चार-सहा माग असतात, शेड कधी स्वतःची कधी भाड्याची, आणि तो व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, भाव व्यापारी ठरवणार; वीजबिल, सुटे भाग, मागाच्या कर्जाचा हप्ता आणि मागावर उभ्या असलेल्या कामगाराची मजुरी खर्चीवाल्याची. बाजार मंदावला की व्यापारी बीम देणे थांबवतो. नकार देत नाही. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतो. त्या पुढच्या आठवड्याचा महिना होतो. माग थांबले तरी विजेचा स्थिर आकार थांबत नाही, हप्ताही थांबत नाही. व्यापाऱ्याची जोखीम अशा रीतीने अलगद खर्चीवाल्याच्या शेडमध्ये येऊन पडते, आणि तेथून ती आणखी खाली मागावरच्या कामगाराच्या चुलीपर्यंत जाते. याला धंद्यातील चढउतार म्हणतात. वस्तुतः ही सक्तीची, बिनपगारी रजा आहे.

रिक्षा चालवणाऱ्याची तऱ्हा निराळी, दुःख तेच. दिवसाच्या भाड्याने दुसऱ्याची रिक्षा चालवणारा एखादा तरुण कंत्राटदाराकडे बसचालकाची नोकरी ठरली म्हणून पहिल्या तारखेच्या आधी रिक्षा मालकाला परत करतो. रिक्षा लगेच दुसऱ्या चालकाला दिली जाते. इकडे कंत्राटाला मंजुरी मिळाली नाही, गाड्या आल्या नाहीत, पोलीस पडताळणीचा कागद फिरला नाही. नोकरी नाकारलेली नाही, केवळ 'थोडी पुढे गेली' आहे. आता हा माणूस कोण? नोकरदार नव्हे, कारण रुजू झालेला नाही. स्वयंरोजगारी नव्हे, कारण रिक्षा हातात नाही. त्याच्या अवस्थेला कोणत्याही कायद्यात रकाना नाही.

हा रकाना नसणे केवळ मागासलेपणाचे लक्षण आहे, असे समजून पश्चिमेकडे डोळे लावणाऱ्यांनी ब्रिटनचा अनुभव पाहावा. मार्च २०२० मध्ये तेथील हुजूर पक्षाच्या सरकारला नाइलाजाने तिजोरी उघडावी लागली. पगारदारांसाठी ८० टक्के वेतन, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत; स्वयंरोजगारींसाठी सरासरी नफ्याच्या ८० टक्के, पहिल्या तीन महिन्यांना मिळून ७,५०० पौंडांपर्यंत. ऐकावयास भव्य. परंतु पगारदाराचे नाव आधी २८ फेब्रुवारीच्या व नंतर, ओरड झाल्यावर, १९ मार्चच्या आत मालकाने करखात्याला कळवलेले असणे आवश्यक होते. आणि स्वयंरोजगारीने आपला धंदा पुढेही चालवणार असल्याचे सांगणे आवश्यक होते. जो सुतार किंवा छायाचित्रकार आपला धंदा आवरून एप्रिलपासून नोकरीवर जाणार होता, आणि ज्याची नोकरी टाळेबंदीमुळे लांबली, तो दोन्ही दारांबाहेर राहिला. नव्या मालकाच्या पटावर नाव नाही आणि जुना धंदा संपलेला. उरला तो सर्वसाधारण गरिबी-भत्ता, आणि तोही घरातील बचत व जोडीदाराची कमाई मोजून. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या ना त्या अटीमुळे योजनांबाहेर राहिलेल्यांचा आकडा २९ लाखांपर्यंत सांगितला. माणसांना दोन पेट्यांत वाटून त्यांना जगवू पाहणाऱ्या योजनेतून एका पेटीतून दुसरीकडे जाणारा माणूस नेमका गळतो, हा त्यातला धडा आहे.

फ्रान्समध्ये निराळा मार्ग सापडतो. तेथील कायदा रंगभूमीवरील कलावंताला, त्याचा करार एका रात्रीचा असला तरी, पगारदार मानूनच चालतो. बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम दाखवले की दोन कामांमधल्या काळात त्याला बेकारी विम्याचा भत्ता मिळतो. मे २०२० मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांना, जे काही समाजवादी नव्हेत, कलावंतांच्या दबावापुढे झुकून या हक्काची मुदत ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत वाढवावी लागली. पॅरिसचा नट आणि नारायणगावचा सोंगाड्या एकाच वसंत ऋतूत रिकामे झाले. दोघांत फरक होता तो कलेचा नव्हता. एकामागे संघटित चळवळीने दशकानुदशके राखलेला कायदा होता.

येथे लगेच प्रशासकीय शहाणपण पुढे सरसावते. मालक नसलेला माणूस खरोखर रिकामा आहे की नाही हे ठरवणार कोण? खोटे दावे येतील, हिशेब ठेवता येणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास वाचलेला नसतो. मुंबईच्या गोदीत पूर्वी टोळीवाल्याच्या मर्जीने रोज सकाळी माणसे निवडली जात. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ आले, आणि जहाज लांबले म्हणून हजर असूनही काम न मिळालेल्या कामगाराला हजेरी भत्ता मिळू लागला. जहाज केव्हा बंदराला लागणार हे कामगाराच्या हाती नाही, मग त्या विलंबाची किंमत त्याने का मोजावी, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र होते. संगणक नव्हता, अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेण्याची सोय नव्हती, तरी हिशेब राहिला. आज बोटाच्या ठशावाचून रेशन न देणाऱ्या शासनाला हजेरी मोजता येत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

त्याहूनही बोलके उदाहरण १९६९ च्या माथाडी कायद्याचे. या कायद्यातील 'कामगार' शब्दाची व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत करण्याजोगी आहे. कोणत्याही मालकाने वा कंत्राटदाराने नोकरीस ठेवलेला नसून, केवळ त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी झालेल्या बोलीने काम करणारा माणूसदेखील त्या व्याख्येत बसतो. अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या मुंबईच्या माथाडींनी, आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्याच्या बाजारात, हे सिद्ध करून दाखवले की रोज दहा व्यापाऱ्यांचा माल उचलणाऱ्या हमालाला एक मालक नसला तरी दहा व्यापारी मिळून त्याचे देणेकरी असतात. व्यापाऱ्यांकडून मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा होते. त्यातून भविष्यनिर्वाह, उपदान, रजा, औषधपाणी चालते. मालक एक नसणे ही अडचण पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी या मातीत सुटलेली आहे. तीच युक्ती खर्चीवाल्यापर्यंत, तमाशा कलावंतापर्यंत, मजूर नाक्यापर्यंत नेण्यास कायद्याची नव्हे, राजकीय इच्छेची उणीव आहे.

इच्छा नसली म्हणजे चांगल्या कायद्याचेही काय होते, हे नाक्यावर दिसते. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि त्यातून राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे हजारो कोटी रुपये जमा झाले. परंतु नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. रोज निराळ्या मुकादमामागे जाणाऱ्या नाका कामगाराने तो कोणाकोणाकडून गोळा करावा? ज्याला दाखला मिळाला त्याला मंडळाने काय दिले, तर अन्य काही योजनांबरोबर गृहोपयोगी भांड्यांचे संच! सकाळी आठपासून अकरापर्यंत नाक्यावर उभे राहून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला नवे पातेले मिळाले. पातेल्यात घालावयाचे काय, हा तपशील योजनेत नव्हता.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा असतो आणि तो नेहमी पोट भरलेल्यांकडून येतो. फुकट पैसे दिले तर माणसे कामाला जाणार नाहीत. महाराष्ट्रात एकदा आमदार झालेल्या गृहस्थाला, मतदारांनी घरी बसवल्यावरही, दरमहा ५०,००० रुपयांहून कमी नाही इतके निवृत्तिवेतन मिळते. या भत्त्यामुळे माजी आमदारांची पुढच्या निवडणुकीस उभे राहण्याची उमेद मावळल्याचे कोणी पाहिले आहे काय? दोन कार्यकाळांमधल्या विश्रांतीची एवढी काळजी वाहणाऱ्या विधिमंडळाला दोन बिमांमधल्या, दोन सुपाऱ्यांमधल्या दिवसांची किंमत कळू नये, यात वर्गीय दृष्टीखेरीज दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

पैसा नाही ही तिसरी सबब. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडत असल्याचे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. त्यावेळी तिजोरीची कळ कोणाला आली नाही. टाळेबंदीत मात्र फेरीवाल्याला जून २०२० मध्ये देण्यात आले ते १०,००० रुपयांचे कर्ज. व्याजात ७ टक्क्यांची सवलत होती हे खरे. पण ज्याचा धंदा शासनाच्या हुकुमाने बंद होता त्याला बुडालेल्या कमाईची भरपाई म्हणून कर्ज देणे म्हणजे आजची उपासमार उद्याच्या मिळकतीवर गहाण टाकणे होय. याच महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले. रिक्षाचे पैसे परवान्याच्या मालकाला. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवून खरी झळ सोसणारा पुन्हा यादीबाहेर. कर्नाटकाने मे २०२० मध्ये न्हावी, परीट, रिक्षाचालक यांना ५,००० रुपये देऊ केले होते. रक्कम तिप्पट होती, वृत्ती तीच. राजाने प्रसन्न होऊन एकदा मूठभर द्यावे आणि प्रजेने ते हात जोडून घ्यावे! हक्काला तारीख असते, दर असतो, आणि तो मिळाला नाही तर दाद मागण्याची जागा असते. या खैरातीत त्यातले काहीच नव्हते.

कायद्याने हक्क द्यावयाची संधी आलीच नव्हती असेही नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने कामाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क एकाच वाक्यात बसवले आहेत. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे त्या वाक्याचे पहिले प्रामाणिक भाषांतर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून व १९७२ च्या दुष्काळातील खडीच्या ढिगांवरून उभी राहिलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हमी बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. दर हास्यास्पद होता, दिवसाला किमान एक रुपया. पण कामाच्या विलंबाचे उत्तरदायित्व शासनावर आहे हे तत्त्व त्या एका रुपयात मान्य झाले. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला. तो पगारदाराने भरला, दुकानदाराने भरला, स्वतंत्र धंदेवाल्यानेही भरला. म्हणजे हमीसाठी वर्गणी शहरातील स्वयंरोजगारीकडून घेतली गेली, परंतु हमीच्या कुंपणात त्याला कधी घेतले नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्याने भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व नंतर निम्मा केला. प्रत्यक्षात तो क्वचितच कोणाच्या हाती पडला, कारण कामाच्या मागणीची पोचपावतीच द्यावयाची नाही ही क्लृप्ती खालच्या यंत्रणेने आत्मसात केली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. १०० दिवसांचे १२५ झाले म्हणून ढोल वाजले. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आणि बहुतेक राज्यांच्या माथ्यावर ४० टक्के खर्च, या दोन गोष्टी ढोलाच्या आवाजात बुडाल्या. विलंबाबद्दल भत्ता देणे दूरच, विलंबालाच आता कायद्याचे कवच मिळाले.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात असंघटित कामगाराच्या व्याख्येत स्वयंरोजगारी आहे, ॲपवर माल पोहोचवणारा आणि टॅक्सी चालवणाराही आहे. योजना कशाकशाच्या? विमा, अपंगत्व, आरोग्य, बाळंतपण, म्हातारपण. मेल्यावर, मोडल्यावर, म्हातारे झाल्यावर राज्य भेटेल. धडधाकट माणसाचे काम लांबले तर? यादीत तो प्रसंगच नाही. ॲप-कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावेत असे म्हटले आहे, तेथेही कंपनीने एका रात्रीत खाते गोठवले की त्या मुलाला पुढच्या कामापर्यंत काय, यावर मौन. बेकारी भत्त्याची जी एक योजना आहे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ पासूनची अटल योजना, ती आयुष्यात एकदा ९० दिवस आणि तीही विमाधारक पगारदारालाच. ई-श्रम पटावर ३० कोटींवर माणसांची नावे नोंदली गेली. एवढी प्रचंड शिरगणती करून शासनाने मिळवले काय, तर कोणाला काही देत नाही याची अद्ययावत यादी.

शासनावर आसूड ओढून थांबणे सोपे आहे. या बाबतीत डाव्या व समाजवादी चळवळीचे हातही स्वच्छ नाहीत. जॉर्ज फर्नांडिसांनी मुंबईतील टॅक्सीचालकांची संघटना बांधली तेव्हा चाकावर बसणारा माणूस कामगार आहे, गाडी कोणाच्या नावावर का असेना, ही जाण समाजवाद्यांत जिवंत होती. पुढे पुढे संघटनांचे लक्ष पगारपत्रकावरच खिळले. ज्याच्या वर्गणीची कपात पगारातून होते तो सभासद, बाकीचे 'जनता' असा भेद नकळत रुजला. वेतन आयोगाच्या मागण्यांचे मसुदे बारकाईने तयार झाले. मजूर नाक्यावरच्या माणसाला काम न मिळालेल्या दिवसाचे किती मिळावेत याचा एक परिच्छेदही फारसा कोणाच्या मसुद्यात आला नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खर्चीवाला व्यापाऱ्यापुढे मजूर आहे आणि मागावरच्या कामगारापुढे मालक आहे. फडमालक सावकारापुढे ऋणको आहे आणि कलावंतापुढे उचल देणारा धनी. मागणी केवळ 'स्वयंरोजगारींना भत्ता' एवढीच राहिली तर पैसा खर्चीवाल्याच्या खात्यावर येऊन थांबेल आणि मागावरचा कामगार पूर्वीइतकाच उघडा राहील. १,५०० रुपयांच्या वेळी रिक्षाच्या परवान्याने हेच करून दाखवले. तेव्हा भत्ता मालमत्तेच्या कागदाला नव्हे, प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाला जोडलेला असला पाहिजे. माग कोणाचा हे विचारू नये, मागावर कोण उभा राहतो हे विचारावे. हा आग्रह धरला तर काही ठिकाणी खर्चीवाल्यांच्या आणि रिक्षामालकांच्या संघटना दुरावतील. दुरावू द्याव्यात. व्यापाऱ्यावर लेव्ही बसवण्याच्या लढ्यात त्यांना परत यावेच लागेल, कारण बीम थांबल्याची झळ त्यांनाही लागते.

मागणीचा आकार फार मोठा नाही. माथाडी मंडळांच्या धर्तीवर धंदावार मंडळे. व्यापारी, कंत्राटदार, ॲप-कंपनी यांच्याकडून उलाढालीवर लेव्ही, आणि व्यवसाय कराच्या उत्पन्नातून शासनाचा तितकाच वाटा. नोंदलेल्या माणसाने काम नसल्याचे मंडळात कळवले आणि सात दिवसांत काम मिळाले नाही, तर आठव्या दिवसापासून किमान वेतनाच्या निम्मा भत्ता, वर्षाला ९० दिवसांपर्यंत. ठरलेली नोकरी वा सुपारी लांबली असेल तर ठरल्याचा कागद, विसाराची पावती किंवा दोन सहकाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून पुरेशी. धंदा सोडून नोकरीकडे किंवा नोकरी सोडून धंद्याकडे जाणाऱ्याची नोंदणी मधल्या काळात खंडित होणार नाही, हे कलम पहिल्याच मसुद्यात असावे. ब्रिटनच्या योजनेत ते नव्हते म्हणून माणसे गळली. राजस्थानने २०२३ साली किमान उत्पन्न हमीचा कायदा करून शहरी कामालाही हमी आणि विलंबाला भत्ता जोडून दाखवला, त्यामुळे कोणत्याच राज्याने असे केलेले नाही ही पळवाटही उरलेली नाही.

विधेयकाची वाट न पाहता एक काम आजपासून करता येते. नाक्यावर, रिक्षाथांब्यावर, इचलकरंजीच्या शेडमध्ये तालुका शाखांनी साधी वही ठेवावी: नाव, शेवटचे काम कोणत्या तारखेला संपले, पुढचे कोणाकडे ठरले, केव्हा सुरू होणार होते, केव्हा झाले. एक हंगाम अशी नोंद राहिली तर कामाच्या विलंबाचे दिवस प्रथमच कोणीतरी मोजलेले असतील. येत्या पाडव्याला नारायणगावात राहुट्या लागतील. तेथे ही वही घेऊन बसण्यासाठी जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आधी फडांतील कलावंतांना भेटून यावे. फडमालकांना नंतर भेटले तरी चालेल.